आमचं बिनविरोध गाव

मागच्या आठवड्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक बॅनर पाठवला. हिरवा-गुलाबी, कोपऱ्यांत झेंडूची फुलं, वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे फोटो आणि मधोमध ठळक अक्षरांत: आपली ग्रामपंचायत याही वेळी बिनविरोध, समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन. मी जळगावात माझ्या ओट्यावर चहा घेऊन बसले होते, तो तसाच गार झाला. त्याला लिहिलं, ज्यांना उभं राहायचं होतं आणि राहू दिलं नाही त्यांची नावं कळव, मग अभिनंदन करते. त्याने अंगठा पाठवला. अंगठा कसला दाखवतोस मेल्या, नावं पाठव, असं लिहायला घेतलं होतं, पण सून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आई, तुमचं बीपी. साठी जवळ आली तरी बिनविरोध हा एक शब्द ऐकला की माझं टाळकं फिरतं. लोकांना वाटतं ही बाई जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवून खडूस झाली. तसं नाही. मी आधीपासून खडूस होते, शिकवायला नंतर लागले.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, हायवेपासून आत. नाव लिहीत नाही, नाहीतर भाचा घरी येईल. दोन गल्ल्या, वरली आणि खालली, मध्ये नाला. आम्ही वरल्या गल्लीतले. हिवाळ्यात आमच्या घराची पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली असायची, आणि माणसं मागच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहायची. कापूस घरात असला की आवाज मरतो. पिठाच्या गिरणीची पुकपुक, शेळ्यांचं ओरडणं, सगळं लांबून आल्यासारखं वाटायचं. एकच आवाज त्या कापसातूनही स्पष्ट यायचा, तो म्हणजे नानांचं खाकरणं. नाना म्हणजे माझे वडील. ते पायरीवर आले की एकदा खाकरायचे, आणि माय हातातलं सोडून तवा चढवायची, कारण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी त्यांना तव्यावरून थेट ताटात लागायची. जरा निवली तर बोलायचे नाहीत, ताट सरकवायचे. आमच्या घरात बोलून कुणी रागावत नसे. अपवाद मी.

नाना गावचे सरपंच. मी जन्मल्यापासून तेच. त्याआधी गावात एकदा निवडणूक झाली होती, खरीखुरी, चिन्हांची. तिच्यात दोन्ही गल्ल्या एकमेकींवर तुटून पडल्या. आधी विहिरीवर शिवीगाळ, मग दगड, मग काठ्या, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी कडब्याच्या गंजी पेटवल्या. वरल्या गल्लीच्या आधी पेटल्या की खालल्या गल्लीच्या, यावर अजून एकमत नाही. नानांचा धाकटा भाऊ गुरं सोडवायला आत गेला आणि भाजला. आठवडाभर धुळ्याच्या दवाखान्यात तळमळला आणि गेला. नाल्यापलीकडेही एक म्हातारी गेली. त्यानंतर नानांनी दोन्ही गल्ल्यांना खंडोबाच्या देवळात बसवलं, ताटात बेल आणि भंडारा ठेवला, आणि प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाकडून तो उचलून घेतला: या गावात यापुढे मतपेटी येणार नाही. तेव्हापासून निवडणूक लागली की हेच. देवळात बैठक, नाना नावं वाचणार, बेलभंडारा उचलायचा, की गाव बिनविरोध. मग गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या बट्ट्या, वरण, वांग्याची घोटलेली भाजी, आणि साजूक तुपाची धार. पंगतीला दोन्ही गल्ल्यांचे पुरुष मांडीला मांडी लावून जेवायचे. खालल्या गल्लीला उपसरपंचपद ठरलेलं असायचं. पेपरात फोटो यायचा. लहानपणी मला वाटायचं, आमच्याइतकं शहाणं गाव पृथ्वीच्या पाठीवर नसेल. त्या बट्ट्यांची चव अजून जिभेवर आहे, हे कबूल करायला मला राग येतो.

मी धुळ्याच्या कॉलेजात जायची. गावातून दोनच पोरी जायच्या, मी आणि खालल्या गल्लीची कमल. एकाच एसटीत चढायचो, एकाच थांब्यावर उतरायचो, आणि एक शब्द बोलायचो नाही. ती पुढे बसली की मी मागे. कमलची आई लहानपणीच गेलेली, ती मामाच्या गावी वाढली आणि बारावीनंतर वडिलांकडे परत आलेली. तिचे वडील नामदेव आबा, सडपातळ, कमी बोलणारे, खालल्या गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. मला तिचा राग का यायचा? उगाच यायचा. ती खालल्या गल्लीची होती एवढं पुरे होतं.

राज्यशास्त्राला आम्हाला बाविस्कर सर होते, मूळचे पाचोऱ्याचे. असा तुसडा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. वर्गात शिरताना ते पोरांकडे असं बघायचे की आपण सगळे त्यांच्या वाटेत ठेवलेल्या घमेल्यांसारखे. उत्तर चुकलं तर बस म्हणायचे नाहीत, उभंच ठेवायचे. मी त्यांचा मनापासून द्वेष करायची आणि त्यांचा एक तास चुकवायची नाही. एके दिवशी ते आले आणि फळ्यावर वरून खालपर्यंत एक नदी काढली. म्हणाले, हा एक देश आहे. नाव देणार नाही, नाव दिलं की तुम्ही त्यावरच भांडाल. नदीच्या दोन काठांवर दोन प्रकारचे लोक. वर्षानुवर्षं एकमेकांना मारत होते, आता दमलेत. पूल तुटलेत, शाळांमध्ये सैनिक झोपतात, प्रत्येक घरात एक माणूस कमी आहे. मग त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. कुणी विधवा, कुणी बंदूकवाला, कुणी पळून गेलेला शिक्षक. मला आली अलीकडच्या काठावरच्या पुढाऱ्याची चिठ्ठी. कमलला पलीकडची एक बाई, जिचं घर जळलं. सरांनी काम दिलं: या देशात पहिली निवडणूक कशी घ्याल ते महिन्याभरात ठरवा. आणि एक सांगा, हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरी जिवंत कसा असेल. जिंकलेल्याची काळजी करू नका, म्हणाले, त्याचं राजाच्या राज्यातही बरं चालतं.

पोरं जी भांडली म्हणता. खोटा देश, खोटी नदी, पण तिसऱ्याच दिवशी दोन काठांची पोरं कॅन्टीनमध्ये वेगवेगळी बसायला लागली. आमच्या बाजूला जास्त माणसं, म्हणून आम्ही म्हणायचो सरळ मतदान घ्या. त्यांच्या बाजूला कमी, म्हणून ते म्हणायचे आधी बंदुका जमा करा, आधी आमच्या जागा ठरवा, आधी न्यायाधीश तिसरीकडचा आणा. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. महिना संपत आला तरी कागद कोरा. आणि मग मला ते सुचलं, आणि सुचल्याबरोबर मी अशी काही फुगले की विचारू नका. मी उभी राहून सगळ्यांना आमच्या गावची रीत सांगितली. निवडणूकच नको. दोन्ही काठांची मोठी माणसं बसवा, पदं वाटून घ्या, देवापुढे शपथ घ्या, पंगत घाला. पोरं हरखून गेली. त्यातली निम्मी अशाच गावांतून आलेली होती. अरे, आमच्याकडेबी असंच शे, असं जो तो म्हणायला लागला. ठरलेल्या दिवशी आम्ही वर्गात टेबलावर ताट मांडलं, कॉलेजमागच्या झाडाचा बेल, किराणा दुकानातली हळद. एकेका घरच्या कर्त्याने येऊन उचलली. मुली बाकांवर बसून टाळ्या वाजवत होत्या. मी मात्र पुढारी, चिठ्ठीवरची, म्हणून ताट माझ्या हातात.

बाविस्कर सर हाताची घडी घालून खिडकीशी उभे होते. सगळं होऊ दिलं. मग शांतपणे विचारलं, यात पलीकडच्या काठाला सर्वांत मोठं पद कधी मिळेल? मी म्हटलं, दुसरं पद मिळेल ना. ते म्हणाले, मी ‘कधी’ असं विचारलं. त्यांनी कमलकडे बोट केलं. हिचं घर जळलं. हिने शपथ घेतली का? मी म्हटलं, हिच्या घरच्या कर्त्याने घेतली असेल. तेव्हा कमल उठली. महिनाभर ती वर्गात तोंड उघडून बोलली नव्हती. म्हणाली, "सर, हे आमचंच गाव आहे. आमच्या गल्लीचा सरपंच आजवर झालेला नाही. मागच्या वेळी माझ्या वडिलांनी हात मागे घेतला, तर दोघांनी मनगट धरून ताटाला लावला. फोटोत ते दिसत नाही."

सरांनी ताट माझ्या हातातून घेतलं आणि हळद खिडकीबाहेर झटकली. म्हणाले, मी तुम्हाला भांडायचं कसं ते ठरवायला सांगितलं होतं, तुम्ही भांडण बेकायदा केलंत. सगळा वर्ग नापास. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तुला पुढारी केलं ते मात्र बरोबर केलं. त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस पोरांसमोर पाणउतारा, आणि तोही त्या कमलमुळे. धुळ्याच्या स्टॅंडवर मी तिला गाठलं. म्हटलं, गावची अब्रू वेशीवर टांगलीस, तुझ्या गल्लीने गंजी पेटवल्या तेव्हा कुठे होती तुझी अक्कल, माझा काका गेला त्यात. तिने आवाज चढवला नाही, म्हणून मी आणखी चिडले. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "तू उचला व्हता का कधी भंडारा?" मी म्हटलं, पोरी कशाला उचलतील. ती म्हणाली, मंग तू कसाले बोलस. आणि एसटीत जाऊन पुढच्या सीटवर बसली.

ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. आमच्याच भावकीतला एक पोरगा त्या वर्गात होता, त्याने माझं नाव घेऊन तिखटमीठ लावून सांगितलं असणार: विजीने गावचा भंडारा कॉलेजात नेला आणि मास्तराने खिडकीबाहेर फेकला. नाना ओट्यावर बसले होते. माझ्या ताटात भाकरी पडली आणि मग दारातून म्हणाले, "उद्यापाईन कॉलेज बंद." मी म्हटलं, का म्हणून? माय चुलीपुढून डोळे वटारून गप्प बस म्हणत होती. नानांनी मला उत्तर दिलं नाही, मायला सांगितलं की वेचणीला बाई कमी आहे. दुसऱ्या दिवशी मी वह्यांऐवजी कमरेला फडकं बांधून कापसात उभी होते. बोटांना बोंडांची टोकं टोचून रक्त यायचं आणि मी प्रत्येक बोंडागणिक एक शिवी हासडायची. काही नानांना, काही सरांना, बाकी सगळ्या कमलला.

आठ-दहा दिवसांनी बाविस्कर सर गावात आले. एसटीतून उतरून, धुळीने भरलेले, थेट आमच्या ओट्यावर. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आमच्या घरून कुणीही तहानलेलं गेलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी आत कापसाच्या खोलीत, फटीला डोळा लावून. सरांनाही गोड बोलता येत नव्हतं हा त्यांचा दोष होता. ते म्हणाले, तुमची मुलगी परीक्षेला बसली पाहिजे. तिने जे चुकीचं उत्तर दिलं ते तिचं नव्हतं, तुमचं होतं, तिची शिक्षा कशाला? नानांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही फळ्यावर देश जाळतस. मी खरा कडबा जळतांना देखेल शे. मना भाऊनं कातडं मना हातले चिकटेल व्हतं." सरांकडे त्याला उत्तर नव्हतं, आणि खरं सांगते, माझ्याकडे आजही नाही. मी जन्मभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं, पुस्तकातली सगळी उत्तरं मला पाठ आहेत, त्यात हे एक बसत नाही. शेवटी सर म्हणाले, भीतीवर किती वर्षं गाव चालवाल? नाना म्हणाले, "चाली राहिनं ना?" आणि उठून आत आले. सर उन्हात तसेच उभे राहिले, मग चालत हायवेकडे गेले.

त्याच महिन्यात निवडणूक लागली. रविवारी दुपारी देवळात बैठक. बाहेर आम्ही बायका पराती घेऊन कणीक तिंबत होतो, आत नाना नावं वाचत होते. आमच्या वॉर्डात दोन्ही गल्ल्या येत, आणि जागेवर नाव अर्थातच नानांचं. भंडारा उचलायला सुरुवात झाली. नामदेव आबांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधले. म्हणाले, यावेळी मी अर्ज भरणार. देवळात एकदम गलका. कुणी म्हणे घर पेटवू, कुणी म्हणे हातपाय तोडू. नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. भर बैठकीत म्हणाले, भरू द्या. अर्जावर सूचक म्हणून वॉर्डातल्याच मतदाराची सही लागते, आणि वॉर्डातल्या प्रत्येक घराने भंडारा उचललाय. शपथ मोडून कोण सही करतो ते बघू. मग ओळीने नाल्यापलीकडच्या एकेकाकडे बघत गेले, आणि एकेक मान खाली जात गेली. नामदेव आबा देवळातून एकटे बाहेर पडले. आमच्या पराती ओलांडून गेले, कुणी वर पाहिलं नाही. मी पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की माझी कणकेतली बोटं थांबली. त्या दिवशीच्या बट्ट्या मी खाल्ल्या नाहीत. मायने विचारलं तर पोट दुखतं म्हणाले.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी शेतात होते. बांधावर कमल आली. विनवायला आली असेल असं वाटलं, म्हणून मी पाठ फिरवली. ती काही विनवायला आली नव्हती. म्हणाली, तुझ्या वर्गातल्या उत्तराला शंभरपैकी शंभर. कुणी सही करत नाही. बायांना विचारलं, त्यांचे नवरे दाराशी उभे राहतात. माझं नाव मतदार यादीत अजून मामाच्या गावी आहे. बाबा आता अर्ज घेऊन एसटीला जाऊन बसलेत, सहीशिवायच. कचेरीतून परत पाठवतील म्हणून सांगितलं, तर म्हणतात, परत तर परत, पण जाऊन येतो. एवढं बोलून ती वळली. तिच्यात मदत मागायची ताकद नव्हती की इच्छा नव्हती, मला कळलं नाही. मला एवढंच दिसत होतं की नानांनी देवळात जे म्हटलं ते खोटं होतं. प्रत्येक घराने भंडारा उचलला, हो. पण मी कुठे उचलला होता? मला कुणी विचारलंच नव्हतं. माझं नाव यादीत होतं, मला अठरा पूर्ण होऊन वर्ष झालं होतं, वॉर्ड तोच होता, आणि माझ्या गळ्यात कुठल्याही देवाची शपथ नव्हती. त्यांनी पोरींना मोजलंच नाही, म्हणून त्यांना मी दिसलेच नव्हते.

मी न्यायासाठी गेले असं लिहिलं तर छापायला शोभून दिसेल. मी रागाने गेले. कॉलेज बंद केलं त्याचा राग, वर्गात नापास झाल्याचा राग, आणि नामदेव आबांच्या त्या चेहऱ्याचा, जो मला धड विसरता येत नव्हता. कमरेचं फडकं सोडलं, कमलला म्हटलं चल, आणि दोघी धावत फाट्यावर गेलो. एसटी लागलेलीच होती. केसांत कापूस, हाताला चीक, तशीच मी धुळ्याच्या तहसील कचेरीत टेबलासमोर उभी राहिले. कारकुनाने नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, उमेदवाराचं नाव वाचलं, आणि चष्मा काढून म्हणाला, बाई, तुमचे वडील याच जागेवर उभे आहेत ना? मी म्हटलं, माहीत आहे, पेन द्या. नामदेव आबांना तोवर वाटत होतं की मी काहीतरी मोडायला आले आहे. सही झाल्यावर ते म्हणाले, पोरी, आता घरी कशी जाशील? मी म्हटलं, एसटीने.

घरी काय झालं ते आता सांगते. मारलं नाही. नाना मारणाऱ्यातले नव्हते. ते माझ्याशी बोलायचे थांबले, आणि त्यांच्यामागे सगळं घर थांबलं. काकू, जिचा नवरा त्या आगीत गेला होता, ती माझ्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, त्याची राख अजून थंड झाली नाही. तिला मी काय सांगणार? नळावर माझी घागर आली की बायका आपल्या घागरी मागे ओढायच्या. गिरणीवाल्याने आमचं दळण घेतलं, पण डबा माझ्या हातात दिला नाही, खाली ठेवला. खालल्या गल्लीतही मला काही हार घातले गेले नाहीत. त्यांना वाटायचं नानांनीच मला पाठवलं असेल, काहीतरी डाव असेल. कमल एकदा वाटेत भेटली, म्हणाली, आमच्याकडेही तुझ्यावर कुणाचा विश्वास नाही. मी म्हटलं, माझाही तुमच्यावर नाही. त्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि मलाही हसू आलं, पण आम्ही दोघींनी ते लगेच आवरलं. माय रोज माझ्या ताटात भाकरी वाढायची आणि वाढताना रडायची. तव्यावरून थेट वाढायची, नानांना वाढायची तशी.

निकालाचं इथेच सांगून टाकते. नाना निवडून आले, थोडक्यात. त्या दिवशी पोलिसांची गाडी नाल्यावर उभी होती, आणि दोन्ही गल्ल्यांतल्या लोकांनी आपापल्या गंजींवर पाणी मारून ठेवलं होतं. काही पेटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम नाल्यापर्यंत जाऊन पाहिलं. नामदेव आबा अंगणात म्हशीची धार काढत होते. हरलेला माणूस घरी होता. ते बघून मला सरांना पत्र लिहावंसं वाटलं, पण त्यांनी त्यातही चुका काढल्या असत्या. कॉलेजात मी पुढच्या जूनला परत गेले. पाठवलं कुणी नाही, कुणी अडवलंही नाही. आणि नंतरच्या निवडणुका लढून झाल्या, हरल्या-जिंकल्या गेल्या. हे बिनविरोधचं भूत अलीकडे परत उठवलंय, आमच्या भाच्याच्या पिढीने, बॅनर छापून. पण मला जे सांगायचं आहे ते मतदानाच्या आदल्या दिवसाचं आहे.

अर्ज भरला गेल्यामुळे नानांवर अशी एक वेळ आली जी त्यांच्यावर माझ्या जन्मात आली नव्हती. त्यांना मत मागायला जावं लागलं. सरपंच झाल्यापासून ते नाला ओलांडून गेले नव्हते, लोकच त्यांच्या ओट्यावर यायचे. आता ते रोज ऊन उतरलं की टोपी झटकून निघायचे. पहिल्या दिवशी ते खालल्या गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले, असं लोकांनी सांगितलं. मग पहिल्या दारात चप्पल काढली. एका म्हातारीने त्यांना विचारलं, आमच्या गल्लीत गटार कधी, आणि उत्तर मिळेपर्यंत दार सोडलं नाही. एकाने विचारलं, मनगट धरलं होतं ते आठवतं का. तिथे ते उभे राहिले, ऐकून घेतलं. एका घरात त्यांना पाणी दिलं, दुसऱ्यात नाही. नामदेव आबांच्याही दारात गेले म्हणतात. काय बोलले कुणाला माहीत नाही. रोज घरी यायचे तेव्हा खाकरायचे विसरून जायचे, आणि भाकरी निवलेली असली तरी खायचे.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकटी चुलीपुढे होते. माय आणि काकू देवळात गेल्या होत्या. परातीत कळण्याचं पीठ मळत होते. बाहेर नानांची पावलं वाजली, पण ते आत आले नाहीत. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून वळून पाहिलं, तर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. स्वतःच्या घरात, चप्पल बाहेर काढून. टोपी हातात. कित्येक दिवसांनी ते माझ्याकडे बघत होते. डोळे लाल होते, रागाने की दमल्याने ते मला तेव्हाही ओळखता आलं नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले, जसे त्या गल्लीत दारोदार जोडले असतील तसे, नीट छातीशी.

"विजाबाई," ते म्हणाले, "उद्या मत माले देजो."

मला आजवर त्यांनी कधी बाई म्हटलं नव्हतं. माझे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"विचार करसू," मी म्हटलं.

नानांनी मान डोलावली आणि पुढच्या घराकडे निघाले.